डिप्रेशनची तिसरी गोळी : गुण येईपर्यंतचे दिवस कसे काढता?

अर्धाचहा | १७ जून, रात्री ११.४२

जुन्या आयडीने इथे बरीच वर्षं आहे, पाककृती आणि ट्रेकच्या धाग्यांवर बागडत असतो. हा आयडी आजच काढला, कारण जुना ऑफिसातल्या दोघा-तिघांना माहीत आहे. समजून घ्या.

वय ४३, राहणार डोंबिवली, काम हिशेबाचं. गेल्या सप्टेंबरात एका क्लायंटचं रिटर्न भरायला बसलो होतो. मोबाईलवर ओटीपी आला. वाचला, आणि कीबोर्डवर बोट जाईपर्यंत विसरलो. परत मागवला, परत विसरलो. असं तीनदा. चौथ्यांदा सहा आकडे कागदावर लिहून घेतले आणि त्या कागदाकडे बघून रडायला लागलो. शेजारच्या टेबलावरच्याला सांगितलं, डोळ्यांत काहीतरी गेलं.

ऑक्टोबरात सायकॅट्रिस्टकडे गेलो. डिप्रेशन. थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, डी सगळं तपासलं. डी कमी निघालं, ते भरून निघालं. मी नाही निघालो.

पहिली गोळी एस्सिटालोप्रॅम. १० मिलिग्रॅमवरून २० पर्यंत गेली. छातीतली धडधड थांबली, बाकी काही हललं नाही. जानेवारीत सर्ट्रालीन. ५०, १००, १५०. पोट इतकं बिघडलं की ७.५८ ची फास्ट सोडून स्लो पकडायला लागलो, मधे कुठल्याही स्टेशनला उतरता यावं म्हणून. गुण तोही यथातथाच. आता ९ दिवसांपासून वेनलाफॅक्सिन, साडेसदतीसने सुरुवात.

कुठली गोळी चांगली हे विचारत नाहीये, ते डॉक्टर बघतील. मला विचारायचंय की दर वेळी 'चार-सहा आठवडे वाट बघू' म्हणतात, ते चार-सहा आठवडे तुम्ही काढता कसे? आणि गुण येतोय हे कळतं कसं? मला तर रोज सकाळी उठल्या उठल्या आत डोकावून बघायची सवय लागलीये. आलं का काही? नाही आलं. मग दिवसभर तेच.

आयडीचं म्हणाल तर, हल्ली चहा अर्धाच जातो. उरलेल्यावर साय धरते आणि बायको काही न बोलता कप उचलते.

कडूकारलं | १८ जून, सकाळी ७.१०

बरं झालं लिहिलंस. मी ११ वर्षांची जुनी खेळाडू, चौथ्या गोळीला गुण आलेली.

ते सकाळी उठून आत डोकावणं पहिलं बंद कर. कुकरचं झाकण दर मिनिटाला उघडलं तर भात कसा शिजायचा? मला माझ्या समुपदेशक बाईंनी एक वही घालायला लावली होती. त्यात 'कसं वाटतंय' हे लिहायचंच नाही. अंघोळ केली का, किती वाजता. फोन आला तो उचलला का. जेवताना दुसऱ्यांदा भाजी मागितली का. बस, टिकमार्क. आणि रविवारी रात्री एकदाच मागचा आठवडा बघायचा, मधे उघडायची नाही.

माझ्याबाबतीत आधी झोप आली, मग भूक, मग हातापायांत जरा जीव, आणि मन सगळ्यात शेवटी, वरातीमागून घोड्यासारखं. वहीत अंघोळीची वेळ दुपारी ३ वरून ११ वर आली होती आणि मी मात्र बाईंना सांगत होते की काहीच फरक नाही. त्यांनी वही माझ्याकडे फिरवून दाखवली.

अजून एक. पाकिटावर तारीख लिही. कुठली गोळी कधी सुरू, डोस कधी चढला, कधी बंद. पुढे पाच वर्षांनी नवा डॉक्टर विचारतो आणि आपल्याला फक्त 'ती पांढरी, मधे रेघ असलेली' एवढंच आठवतं.

सूर्योदय६५ | १८ जून, सकाळी ८.३४

क्षमस्व, पण स्पष्ट लिहितो. या रासायनिक गोळ्यांच्या चक्रात अडकू नये. आमच्या पिढीत हे नव्हतं. पहाटे ५ ला उठा, २५ सूर्यनमस्कार, थंड पाण्याने अंघोळ, मोबाईल बंद. मन रिकामं असलं की असले विचार येतात. राग मानू नये.

मावळमाती | १८ जून, सकाळी ९.०२

सूर्योदयकाका, तुमच्या पिढीत होतं. आमच्या घरात आजोबांचे धाकटे भाऊ माडीवरच्या खोलीत दहा वर्षं बसून होते, जेवणाचं ताट वर जायचं. त्याला 'तो जरा एकलकोंडा आहे' म्हणायचे, एवढाच फरक.

अर्धाचहा | १८ जून, रात्री १०.२०

कडूकारलं, वही आणली. मुलीची गणिताची अर्धी कोरी होती तीच घेतली.

सूर्योदय६५, राग नाही. व्यायामाने फायदा होतो हे माझे डॉक्टरही सांगतात. पण फेब्रुवारीत अशी परिस्थिती होती की दात घासायला उठायचं म्हणून मी ४० मिनिटं पलंगाच्या कडेला बसायचो, टूथब्रश हातात धरून. पेस्ट लावलेली. तेव्हा २५ नमस्कारांचं कुणी सांगितलं की ऐकू यायचं फक्त 'तू आळशी आहेस'.

नवशिकाडॉक्टर | १९ जून, रात्री १.१५

मानसोपचारशास्त्रात एमडी करतोय, ड्युटीवर आहे, वॉर्ड सध्या शांत आहे म्हणून लिहितो. इथे कुणाला डोस सांगणार नाही, कृपया व्यनि (खासगी निरोप) करूनही विचारू नका.

धागाकर्त्यांच्या मनातली भीती वेगळीच दिसते : तिसरीही लागू पडली नाही तर? त्यावर एक ऐका. अमेरिकेत या प्रश्नावर एक मोठा अभ्यास झाला, स्टार-डी नावाचा, २००६ साली निष्कर्ष छापून आले. सुमारे ४,००० रुग्ण. सगळ्यांना आधी एकच औषध, सिटालोप्रॅम. गुण नाही आला तर बदल किंवा जोड, असे चार टप्पे. पहिल्या औषधाने पूर्ण बरे झाले साधारण एक तृतीयांश. म्हणजे पहिल्या गोळीने पूर्ण बरं न होणारे बहुसंख्य. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आणखी काही जण बरे होत गेले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर हे प्रमाण बरंच खाली येतं, हेही लपवत नाही. एकूण आकडा किती धरायचा यावर नंतर बरेच वाद झाले. पण दुसरी, तिसरी गोळी करावी लागणं हा या आजाराचा रोजचाच रस्ता आहे. ओपीडीत लोक असा चेहरा करून सांगतात, 'सर, मला सूट नाही झाली', जणू परीक्षेत नापास झाले.

'गोळी लागू पडली नाही' म्हणण्याआधी आमचे सर दोन प्रश्न विचारतात : पुरेसा डोस होता का, पुरेसे दिवस होते का? अनेकांनी प्रत्येक गोळी दहा-दहा दिवस घेऊन सोडलेली असते. तुमच्या दोन्ही नीट झालेल्या दिसतात. तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारा :

निदान पुन्हा एकदा तपासायचं का? आयुष्यात कधी चार-पाच दिवस झोप कमी, उत्साह जास्त, खर्च जास्त असं झालं होतं का? घोरणं आणि दिवसा पेंग आहे का? दारू किती? दुसऱ्या कुठल्या आजाराची गोळी चालू आहे का? आणि गोळीच्या जोडीला टॉक थेरपी, म्हणजे समुपदेशनाचे उपचार, का नाही?

वेनलाफॅक्सिनने रक्तदाब वाढू शकतो, डोस चढला की विशेष, त्यामुळे मोजत राहा. ही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही. बऱ्याच जणांना चक्कर, मळमळ, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. धोका सहसा नसतो, पण माणूस घाबरतो.

आणि घरच्यांसाठी : सुरुवातीच्या आठवड्यांत अंगात ताकद मनाच्या आधी येऊ शकते. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर हा काळ जपण्याचा. २५ वर्षांखालच्यांत जास्तच. अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर तसा इशारा छापतात, २००४ मध्ये तो लहान मुलं आणि किशोरांसाठी ठरला, २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीही. याचा अर्थ गोळी देऊ नका असा नाही, लक्ष ठेवा असा आहे.

दोनध्रुव | १९ जून, सकाळी ६.४८

डॉक्टरांचा तो 'झोप कमी, उत्साह जास्त' प्रश्न मला कुणी वेळेवर विचारला असता तर तीन वर्षं वाचली असती.

मला दुसरी गोळी इतकी भारी लागू पडली की काय सांगू. बाराव्या दिवशी पहाटे ३ ला उठून किचनचे सगळे डबे घासले, लेबलं लावली. ऑनलाइन दोन सायकली मागवल्या. दोन. साहेबांना मेल पाठवून कंपनी कशी चालवावी हे शिकवलं. घरचे खूश, 'बघ, आला आमचा जुना माणूस परत'. पंधरवड्याने जो आपटलो तो खोल. मग कळलं बायपोलर, टाईप टू, म्हणजे मन कधी खूप वर, कधी खोल खाली जाण्याचा आजार. नुसती डिप्रेशनची गोळी अशा माणसाला वर फेकू शकते. आता मन स्थिर ठेवायला लिथियमची गोळी. दर काही महिन्यांनी रक्तातली पातळी तपासतात, रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं. शिवाय किडनी आणि थायरॉईड. उलट्या-जुलाब झाले, पाणी कमी पडलं, तर लगेच डॉक्टरांना फोन. कटकट आहे. पण सायकली विकल्या त्याला चार वर्षं झाली.

विदर्भकन्या | १९ जून, दुपारी २.३०

माही कथा वेगळीच. नागपूरले आमच्या फॅमिली डॉक्टरनं चार वर्षांआधी झोप येत नाही म्हणून एक गोळी देली. पाकिटावर दोन नावं होती, एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम. मला वाटे एकच औषध आहे. चिठ्ठीचं झेरॉक्स काढून काढून घेत राहिली. एके दिवशी दुकान बंद, दोन दिवस गोळी नाही, तर हात असे थरथरले का चहाची बशी हातातून सुटली.

मग सायकॅट्रिस्टनं समजावलं का पहिलं औषध ठीक आहे, दुसरं थोडे दिवस आधाराले घ्यायचं असते, त्याची सवय लागते. ते कमी करायले सात महिने लागले. अर्ध्याची पाव, पावाची त्याहून कमी. सर्वांले सांगते, आपल्या पाकिटावरची बारीक अक्षरं एकडाव वाचून घ्या. दोन नावं दिसली तर विचारा.

नाव_नको | १९ जून, रात्री ११.५८

हे कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. या गोळ्यांनी नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होतो. इच्छा जाते, किंवा इच्छा असून शरीर साथ देत नाही. मला दीड वर्ष वाटत राहिलं की मीच थंड झालेय. नवऱ्याला वाटलं त्याच्यातच काही राहिलं नाही. शेवटी डॉक्टर बाईंनी आपणहून विचारलं. औषध बदललं, आणि पुष्कळ फरक पडला.

तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तर एका चिठ्ठीवर लिहून टेबलावर सरकवा. मी पुढच्या वेळी तसंच केलं होतं.

अर्धाचहा | २० जून, सकाळी ७.०५

@नाव_नको, धन्यवाद. मनापासून. चिठ्ठी लिहिली.

शेजारची_बाजू | २० जून, दुपारी ४.१५

मी आजारी नाही, नवरा आहे. सहा वर्षं. कप उचलणाऱ्या बायकोबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

आम्हा घरच्यांचा सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे 'बरं वाटतंय का?' मी दिवसातून किती वेळा विचारते हे त्याने एकदा मोजलं, १४ निघाले. प्रत्येक वेळी त्याला आत जाऊन बघून यावं लागायचं आणि 'नाही' सांगून माझा चेहरा पडलेला बघावा लागायचा. मग ठरवलं, रात्री ९ ला एकदाच विचारायचं, ० ते १० मध्ये आकडा सांगायचा, त्यावर भाष्य नाही. '३'. 'बरं, दूध गरम करू?' संपलं.

आणि वहिनींना सांगा की त्यांनी स्वतःचं काहीतरी चालू ठेवावं. मी भिशी सोडली होती, नाटक सोडलं होतं. दोन वर्षांनी मलाच बी.पी.ची गोळी लागली. आता मंगळवारी संध्याकाळी मी घरी नसते. जग बुडत नाही.

खाडीपलीकडे | २० जून, रात्री ९.४०

गोव्यातून. टॉक थेरपी का नाही, असं डॉक्टरांनी वर विचारलंय, तर आमच्याकडचं सांगतो. इथे सरकारी आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेने एक प्रयोग केला, हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम. त्यात समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवीही नव्हती. गावातलीच साधी शिकलेली माणसं, काही आठवडे प्रशिक्षण दिलेली. सहा ते आठ बैठका. त्याची चाचणी २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आली, ४९५ रुग्ण होते, आणि नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे मिळालं त्यांना स्पष्ट फायदा दिसला.

माझ्या मावशीने तशाच पद्धतीचं समुपदेशन घेतलं. मूळ कल्पना इतकी साधी की मला आधी हसू आलं. मन तयार होईल तेव्हा काम करू, असं आपण थांबतो. इथे उलटं. आधी एक अगदी लहान काम ठरवायचं, दिवस आणि वेळ लिहून, आणि मनाला न विचारता करायचं. मावशीचं पहिलं काम : बुधवारी सकाळी तुळशीला पाणी. पहिल्या बुधवारी तेही झालं नाही. मग काम आणखी लहान केलं, कळशी भरून दारात ठेवायची फक्त. तीन आठवड्यांनी ती मासळीबाजारात जाऊन आली आणि बांगडे महाग झाल्याबद्दल तासभर बोलत होती.

कडूकारलं | २० जून, रात्री १०.०१

'कळशी दारात ठेवायची फक्त.' हे आवडलं हो.

कोकणकडा_७ | २२ जून, सकाळी ११.२५

घरात वयस्कर रुग्ण असणाऱ्यांसाठी. माझे वडील, वय ७४. आई गेल्यावर डिप्रेशन, सर्ट्रालीन सुरू. बी.पी.साठी लघवी जास्त करणारी गोळी आधीपासून होतीच. तिसऱ्या आठवड्यात ते झोकांड्या द्यायला लागले, मला माझ्या काकाच्या नावाने हाक मारली. आम्हाला वाटलं डिप्रेशन वाढलं, नाहीतर विसरभोळेपणाचा आजार. शेजारच्या नर्सताई म्हणाल्या, सोडियम बघा. ११९ निघालं. १३५ च्या वर पाहिजे. तीन दिवस दवाखान्यात ठेवलं, गोळी बदलली, माणूस टुणटुणीत.

वय झालेल्यांना ही औषधं सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांत सोडियम तपासायला सांगा. साधी रक्ततपासणी असते.

हडसनकाठ | २३ जून, पहाटे ४.५०

न्यू जर्सीहून. चार गोळ्या, दोन थेरपिस्ट आणि एक योगा रिट्रीट झाल्यावर माझं टीएमएस झालं. डोक्याच्या डाव्या बाजूला चुंबकाची कॉइल टेकवतात. इथे याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, मग हळूहळू कमी, मिळून ३६ बैठका. भूल नाही. स्वतः गाडी चालवत जायचे, त्यानंतर ऑफिस. कॉइलचा आवाज म्हणजे सुतारपक्षी डोक्यावर बसलाय. पहिला आठवडा कपाळ दुखलं.

मला पाचव्या आठवड्यात फरक वाटला. माझ्याबरोबर वेटिंग रूममध्ये बसणाऱ्या गृहस्थांना अजिबात वाटला नाही, हेही सांगते. इन्शुरन्सने आधी नाकारलं, किती औषधं करून झाली याचा पुरावा मागितला. कडूकारलं यांनी सांगितलेल्या तारखा तेव्हा माझ्याकडे असत्या तर दोन महिने वाचले असते.

आईचीलेक | २३ जून, रात्री ८.३०

शॉक ट्रीटमेंटबद्दल लिहू का? लिहितेच.

आईने (६४) जेवण सोडलं होतं. गोळ्याही थुंकायची. म्हणायची, माझ्या पापांमुळे घर बुडालं, मला खायचा हक्क नाही. डॉक्टरांनी ईसीटी, म्हणजे हीच शॉक ट्रीटमेंट, सुचवली आणि मामा भांडायला उठला. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात सिनेमातलं चित्र : बांधलेला माणूस, झटके, किंकाळ्या.

प्रत्यक्षात : रात्रीपासून उपाशी, सकाळी सलाईन, भूलतज्ज्ञ, स्नायू शिथिल करणारं इंजेक्शन. आत घेतलं आणि मी बाहेर कॉफी संपवेपर्यंत झालं होतं. पायाचं बोट थोडं थरथरलं, एवढंच दिसतं म्हणे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला बंदीच आहे, हे मामाला वाचून दाखवलं तेव्हा तो गप्प झाला.

आठ झाल्या. तिसऱ्या वेळेनंतर शुद्धीवर आली आणि सलाईन काढणाऱ्या नर्सला म्हणाली, 'तुम्ही कुठल्या?' ती म्हणाली, साताऱ्याच्या. 'साताऱ्यात कुठं?' दोन महिन्यांत तिने कुणाला काही विचारलं नव्हतं. मी जिन्यात जाऊन रडले.

फुकट नाही मिळालं. त्या दोन महिन्यांतलं आणि त्याआधीचंही थोडं तिला आठवत नाही. चुलतभावाच्या लग्नाचे फोटो बघून विचारते, मी होते का? होती, हिरव्या पैठणीत. नंतर गोळ्या चालू आहेतच, ईसीटीने गुण आला तरी तो टिकवायला त्या लागतात.

जाता जाता, दवाखान्याच्या बिलासाठी : त्याच कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असतं. आमचा क्लेम आधी फेटाळला, कलम २१ चा उल्लेख करून लेखी तक्रार दिल्यावर मिळाला. ओपीडीच्या फीचं मात्र बहुतेक पॉलिसींत काही मिळत नाही.

अर्धाचहा | २ जुलै, रात्री २.१०

आज वाईट आहे. डोस चढवून आठवडा झाला. घाम फुटतो, पंख्याखालीही. मुलीचे शाळेचे बूट घ्यायला गेलो आणि दुकानातून एकटाच बाहेर पडलो, तिला आत ठेवून. परत गेलो लगेच. पण ती काही बोलली नाही तेच जास्त लागलं. माझ्याशिवाय या दोघींचं बरं चालेल असं सारखं डोक्यात येतंय.

कडूकारलं | २ जुलै, रात्री २.१९

मी जागी आहे. सरळ विचारते, राग नको. जीव द्यायचे विचार आहेत का? बायको घरात आहे ना? उठव तिला. आत्ता. हेच वाक्य वाचून दाखव, नवीन काही बोलायची गरज नाही. मग १४४१६ लाव. टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. स्वतःला काही करशील असं वाटलं तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, सकाळची वाट नाही.

दोनध्रुव | २ जुलै, रात्री २.२६

मीही आहे. 'त्यांचं बरं चालेल' हे मलाही अगदी खरं वाटायचं, पाढ्यांसारखं. कॉल कर आणि इथे फक्त एक टिंब टाक.

अर्धाचहा | २ जुलै, रात्री ३.०४

.

अर्धाचहा | ४ जुलै, संध्याकाळी ७.३०

उठवलं तिला. वाचून दाखवलं. ती रडली नाही, तिने आधी चष्मा शोधला आणि सगळा धागा पहिल्यापासून वाचला. मग १४४१६ ला आम्ही दोघं बोललो, स्पीकरवर. सकाळी डॉक्टरांनी मधे घुसवलं. डोस तूर्त आहे तिथेच, झोपेसाठी थोड्या दिवसांचं काहीतरी जोडलंय (पाकीट वाचलं, विदर्भकन्या). गोळ्यांची पाकिटं आता तिच्याकडे कपाटात, मला रोजची एक मिळते, शाळेतल्या दुधाच्या बाटलीसारखी. आठवड्यातून एकदा समुपदेशक. १५ दिवस रजा. साहेबांना 'तब्येतीचं कारण' एवढंच सांगितलं.

मुलीशी बोललो. ती म्हणाली, 'बाबा, मला वाटलं तुला बुटांची किंमत जास्त वाटली.'

सूर्योदय६५ | ४ जुलै, रात्री ८.१०

अर्धाचहा, मी जे लिहिलं होतं ते घाईने लिहिलं. डोंबिवलीतच राहतो, फडके रोडपासून जवळ. कधी सोबत चालायला कुणी हवं असेल तर व्यनि करा. पहाटे ५ चा आग्रह नाही.

अर्धाचहा | २१ ऑगस्ट, रात्री १०.१५

धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी व्यनित विचारलं म्हणून.

वेनलाफॅक्सिन १५० वर पाच-सहा आठवडे झाले. बी.पी. थोडं वर सरकलंय, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. घाम आहे, रुमाल दोन लागतात. एकदा गोळी चार तास उशिरा घेतली तर मान वळवली की डोक्यात बारीक करंट, जुन्या ट्यूबलाइटसारखा. आता अलार्म लावलाय.

गुण? मी म्हणालो असतो की काही विशेष नाही. पण वहीत बायकोचंही एक पान आहे, ते मी बघायचं नाही असं ठरलं होतं. गेल्या रविवारी समुपदेशकांसमोर तिने वाचून दाखवलं. ९ ऑगस्ट : भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून वाद घातला, दहा रुपयांना इतकीशी कशी म्हणून. १२ ऑगस्ट : बातम्या बघताना शिवी दिली. १६ ऑगस्ट : माझ्या पोळीला जाड म्हणाला.

मला यातलं एकही लक्षात नव्हतं. समुपदेशक बाई हसायला लागल्या. बायको म्हणाली, 'जाड नव्हती.'

ओटीपी अजून कागदावर लिहून घेतो. मन अजून कुठे मागेच आहे. दोन दिवस बरे, एक दिवस खड्डा, असं चाललंय. सूर्योदयकाकांबरोबर संध्याकाळी चालतो, ते सगळा वेळ महापालिकेला शिव्या देतात, मला काही बोलावं लागत नाही, ते बरं पडतं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा-नऊ महिने गोळी चालू राहील, तेव्हा मधेच शहाणपणा नको.

शेजारची_बाजू | २१ ऑगस्ट, रात्री १०.३२

वहिनींना सांगा, पोळीवरून भांडायला घरात माणूस लागतो. मी ओळखलंय त्यांना काय झालं असेल ते.

पहिलीपाटी | २५ ऑगस्ट, रात्री १२.४०

नमस्कार. धागा दोनदा वाचला. मला कालच पहिली गोळी लिहून दिलीये, अजून घेतली नाही. मळमळेल का याचीच भीती वाटतेय. आणि पाकिटावर तारीख लिहायची म्हणजे नक्की कुठे?

अर्धाचहा | २५ ऑगस्ट, सकाळी ६.५५

मळमळ मला पहिले चार-पाच दिवस होती, पोटात काहीतरी असताना घेतल्यावर कमी झाली. कधी घ्यायची, सकाळी की रात्री, ते डॉक्टरांना विचारून घ्या, गोळीप्रमाणे बदलतं. आणि न घेता ठेवणार असाल तर तेही त्यांना फोन करून सांगा, रागावत नाहीत.

तारीख मागच्या चंदेरी बाजूला. बॉलपेन उमटत नाही, मार्कर घ्या.